पॅलाडिनची पंचाईत

गॉब्लिनला आम्ही खांबाला बांधलं होतं. टोळीतले बाकीचे कुठे दडलेत, वाटेत सापळे किती, हे सगळं त्याने भडाभडा सांगून टाकलं होतं, आणि बदल्यात मी त्याला जिवंत सोडायचा शब्द दिला होता. आता आमच्यातली चोर म्हणत होती, "सोडलंस तर हा धावत जाऊन टोळी उठवणार. उडव आणि चल पुढे." जादूगाराला घाई झाली होती. तिरंदाज चिवड्यातले शेंगदाणे वेचून खात होता. सगळे माझ्याकडे बघायला लागले, कारण त्या चौघांत पॅलाडिन मी. शपथ घेतलेला, चिलखत ल्यालेला, दिल्या शब्दाला जागणारा पवित्र योद्धा. मी कॅरेक्टर शीटवर पेन्सिल टेकवून थोडा वेळ बसलो आणि म्हणालो, "मी जरा घोड्याला पाणी पाजून येतो."

हशा पिकला. डीएमने चष्म्यावरून बघत विचारलं, "किती वेळ पाजणार?"

पुण्यातला एक फ्लॅट, शनिवारची संध्याकाळ, स्टीलच्या वाटीत फासे आणि चाळिशीच्या आसपासची पाच माणसं. खेळाचं नाव 'डंजन्स अँड ड्रॅगन्स', खेळणाऱ्यांच्या तोंडी डीअँडडी. एकाने सूत्रधार व्हायचं, त्याला डंजन मास्टर किंवा डीएम म्हणतात. जग त्याचं, राक्षस त्याचे, हवापाणीही त्याचं. बाकीच्यांनी एकेक पात्र घ्यायचं आणि ते काय करतं, काय बोलतं ते सांगायचं. जमेल की नाही याची शंका असली की वीस बाजूंचा फासा टाकायचा. जिंकणं-हरणं असं काही नसतं. एकच गोष्ट महिनोन् महिने, कधी वर्षानुवर्षं चालते.

पात्रांचे वर्ग ठरलेले असतात. जादूगाराची विद्या पोथीतून येते. तो लबाड निघाला म्हणून मंत्र अडत नाही. चोराला तर लबाडीच शिकवलेली असते. पॅलाडिनचं मात्र पहिल्यापासून वेगळं. जखमेवर हात ठेवला की ती भरते, दुष्टाची चाहूल आधी लागते, रोग शिवत नाही. पण हे सगळं तो नीट वागेल तोवर. आणि नीट वागला की नाही, हे ठरवायचं कुणी? पन्नास वर्षं टेबलाटेबलावर याच प्रश्नावरून भांडणं झाली आहेत.

हा खेळ 1974 साली अमेरिकेत छापून आला. विस्कॉन्सिनमधल्या लेक जिनीव्हा या छोट्या गावचा गॅरी गायगॅक्स आणि शेजारच्या मिनेसोटातला डेव्ह आर्नसन हे त्याचे कर्ते. एका खोक्यात तीन लहान पुस्तिका, पहिल्या छपाईत हजार प्रती. त्यात पॅलाडिन नव्हता. योद्धा, जादूगार आणि क्लेरिक एवढे तीनच वर्ग होते. यातला क्लेरिक म्हणजे चिलखत घालणारा पुरोहित. आर्नसनच्या टेबलावर एका खेळाडूचा व्हॅम्पायर बाकीच्यांना फार भारी पडायला लागला, तेव्हा त्याच्यावर उतारा म्हणून तो जन्माला आला. पॅलाडिन आला पुढच्या वर्षी, गायगॅक्स आणि रॉब कुंट्झ यांच्या 'ग्रेहॉक' या पुरवणीत. गंमत म्हणजे चोर हा वर्गही त्याच पुस्तिकेतून अवतरला. साव आणि चोर एकाच बाडात आले आणि तेव्हापासून एकाच पार्टीत एकमेकांच्या उरावर बसलेत.

नाव मात्र जुनं. रोमच्या पॅलेटाइन टेकडीवर सम्राटांचे वाडे होते, म्हणून वाड्यावरचा माणूस तो 'पॅलाटिनस', आणि त्याचंच पुढे पॅलाडिन झालं. आपल्याकडे याला 'हुजुरातीतला' म्हटलं असतं. मध्ययुगीन फ्रेंच काव्यांत शार्लमेन राजाचे असे बारा खासे सरदार आहेत, आणि त्यांतला सर्वांत गाजलेला रोलाँ. 778 साली स्पेनहून परतताना पिरेनीज पर्वतातल्या रोंसव्हो खिंडीत राजाची पिछाडी कापली गेली. कापणारे होते बास्क; तीनशे वर्षांनी रचलेल्या काव्यात त्यांचे मुसलमान झाले. खिंड, पिछाडी, मूठभर माणसं म्हटल्यावर मराठी माणसाच्या डोळ्यांसमोर जे यायचं ते येतंच. पण एक फरक पाहण्याजोगा आहे. आपला बाजी तोफांचे आवाज कानी पडेपर्यंत जीव धरून राहतो. रोलाँच्या कमरेला मदत बोलावण्याचं शिंग असतं आणि अभिमानापायी तो ते वेळेवर फुंकत नाही. खेळातल्या काटेकोर नियमांखाली हा मूळ पुरुष कितपत टिकला असता, शंकाच आहे.

तरी गायगॅक्सचा पॅलाडिन थेट या काव्यातून आलेला नाही. मध्ये एक कादंबरी आहे, पोल अँडरसनची 'थ्री हार्ट्स अँड थ्री लायन्स'. आधी 1953 मध्ये मासिकात आलेली ही गोष्ट 1961 मध्ये पुस्तकरूपात निघाली. होल्गर कार्लसन हा डॅनिश इंजिनिअर दुसऱ्या महायुद्धात समुद्रकिनाऱ्यावर नाझींशी झुंजताना बेशुद्ध पडतो आणि जागा होतो तो परी-राक्षसांच्या जगात. तिथे एक घोडा आणि मापाचं चिलखत जणू त्याचीच वाट बघत असतं. हळूहळू उमगतं की तो स्वतःच शार्लमेनचा सरदार होल्गर आहे. हा होल्गर डेन्मार्कच्या लोककथेत आजही झोपलेला आहे; हेल्सिंगोरच्या क्रोनबोर्ग किल्ल्याच्या तळघरात दाढी छातीवर टेकवून बसलेला त्याचा पुतळा बघायला मिळतो. सुव्यवस्था विरुद्ध अनागोंदी ही अख्खी मांडणी आणि तुकडे केले तरी पुन्हा सांधणारा ट्रोलही डीअँडडीने याच कादंबरीतून उचलला. गायगॅक्सने 1979 च्या डीएमच्या पुस्तकात प्रेरणास्थानांची यादी दिली, तीत तिचं नाव आहे.

आता 1978 चं 'प्लेयर्स हँडबुक' उघडा. पॅलाडिन व्हायचं तर माणूसच असावं लागे. एल्फ, बुटके बाद. अंगच्या प्रभावाचा आकडा, म्हणजे कॅरिझ्मा, किमान 17. तीन साधे फासे टाकून 17 किंवा 18 पडण्याची शक्यता चोपन्नात एक. शिवाय बळ, शहाणपण, बुद्धी, काटकपणा यांच्या अटी वेगळ्या. एवढं दैव उघडलं तर पुढे व्रत सुरू. मिळकतीचा दहावा हिस्सा दान. उरलेल्यातून स्वतःपुरतं, नोकरांपुरतं आणि छोट्या गढीपुरतं ठेवून बाकी वाटून टाकायचं. जादूच्या वस्तू सगळ्या मिळून दहाच: एक चिलखत, एक ढाल, चार शस्त्रं, चार किरकोळ. चौथ्या लेव्हलला एक असामान्य घोडा, तोही शोधून जिंकून आणायचा.

खरी मेख पुढे होती. जाणूनबुजून एखादं बेशिस्त कृत्य केलं तर वरच्या पायरीच्या सज्जन क्लेरिकपुढे कबुली देऊन प्रायश्चित्त घ्यायचं. आणि जाणूनबुजून दुष्कृत्य केलं तर पॅलाडिनपण गेलं, त्या क्षणी, कायमचं. उरतो एक साधा तलवारबहाद्दर. याला खेळाडू 'फॉल होणं' म्हणतात. हे वाचताना मला नेहमी युधिष्ठिराचा रथ आठवतो. जमिनीपासून चार बोटं वर चालणारा तो रथ 'नरो वा कुंजरो वा' म्हटल्याबरोबर खाली टेकला. सुनावणी नाही, अपील नाही. महाभारतात ते शोभतं, कारण तिथे सूत्रधार व्यास आहेत. टेबलावर सूत्रधार असतो तो तुमच्याच वर्गातला मुलगा, आणि कैद्याला मारणं हे दुष्कृत्य की युद्धधर्म, हे त्याने ठरवायचं असतं.

मग काय व्हायचं तेच झालं. राक्षसांच्या गुहेत त्यांची तान्ही पोरं सापडतात, आता पॅलाडिनने काय करावं, हा डीएम लोकांचा आवडता पेच झाला. मारलीस तर बालहत्या, सोडलीस तर उद्याच्या खुनांचा धनी. कसंही वागलं तरी फॉल. हा पेच नव्हे, सापळा आहे. आणि असे सापळे लावणाऱ्या डीएमबद्दल माझं मत छापण्याजोगं नाही. उलट बाजूने पॅलाडिन खेळणारेही कमी नव्हते. त्याला वाईट संगत वर्ज्य असल्याने एकाचं व्रत सगळ्या पार्टीच्या गळ्यात पडायचं. चोराने कुलूप उघडलं की याचं प्रवचन सुरू. पॅलाडिनची ठरलेली वृत्ती 'लॉफुल गुड', म्हणजे शिस्तीचा सज्जन; त्याच चालीवर अशांसाठी 'लॉफुल स्टुपिड' हा शब्द निघाला. याचं सर्वांत बोचरं चित्र रिच बर्ल्यूच्या 'द ऑर्डर ऑफ द स्टिक' या काड्यांच्या माणसांच्या चित्रकथेत आहे. तिथली मिको ही पॅलाडिन स्वतःला देवांचं हत्यार समजते, आपला धनी फितूर झाला असं परस्पर ठरवते आणि त्या म्हाताऱ्याला कापून काढते. त्याच क्षणी तिची शक्ती जाते, आणि तरीही चूक आपली असेल हे तिच्या डोक्यात शिरत नाही.

पुढच्या आवृत्त्यांत एकेक दोर सैल होत गेला. 2000 सालच्या तिसऱ्या आवृत्तीत कुठल्याही वंशाचा पॅलाडिन चालू लागला. 2008 च्या चौथीत दुष्ट देवाचाही भक्त चालला. (दुष्ट 'अँटी-पॅलाडिन'ची कल्पना 'ड्रॅगन' मासिकाने 1980 मध्येच छापली होती.) खरा पालट 2014 च्या पाचव्या आवृत्तीत झाला. सज्जन असण्याची अट गेली, देवही ऐच्छिक झाला. त्याऐवजी तिसऱ्या लेव्हलला शपथ घ्यायची आणि कुठली ते खेळाडूने निवडायचं. निष्ठेची शपथ घेणारा खोटं बोलत नाही, शब्द मोडत नाही. सूडाची शपथ घेणारा थोरल्या शत्रूसाठी वाटेल तो मार्ग पत्करतो. माझा गॉब्लिन त्याच्यापुढे असता तर हा लेखच झाला नसता. शपथ मोडून पश्चात्तापही नसेल तर डीएमने काय करावं हे पुस्तकात आहे, पण हळू आवाजात.

खेळायला हा पॅलाडिन झकास आहे. 'डिव्हाइन स्माइट'चंच बघा. तलवार लागली हे कळल्यावर ठरवायचं की दैवी तेज ओतायचं का, आणि मग आठ बाजूंचे दोन फासे जादा. विसाचा फासा वीसवर पडला असेल तर ते दुप्पट. म्हणून पॅलाडिन खेळणारे वीस पडेपर्यंत तेज जपून ठेवतात आणि वीस पडला की टेबलावर नुसता फाशांचा पाऊस. 2024 च्या सुधारित नियमांत या स्माइटचा मंत्र करून टाकला, एका पाळीत एकच, तेव्हा जी आरडाओरड झाली ती दानधर्माचा नियम गेला तेव्हा झाली नसावी. शपथ निवडण्याची ही मुभा मात्र मला थोडी खटकते. आपली कसोटी आपणच निवडायची म्हटल्यावर सोपी निवडण्याचा मोह होतोच.

या पेचातून दुसऱ्या खेळांनी काढलेल्या वाटा मला जास्त रोचक वाटतात. ग्रेग स्टॅफर्डच्या 'पेंड्रॅगन'मध्ये (1985) आर्थर राजाचे सरदार खेळायचे असतात. तिथे स्वभावाच्या तेरा जोड्या आहेत: दयाळू-क्रूर, विनम्र-गर्विष्ठ, संयमी-भोगी अशा. प्रत्येक जोडीची बेरीज वीस. दया 13 तर क्रौर्य 7. मोक्याच्या वेळी या आकड्यांवर फासा टाकायचा, आणि कधीकधी आपलाच सरदार आपलं ऐकत नाही. शिवाय पुण्य प्रत्येक धर्माचं निराळं. ख्रिस्ती सरदाराला विनम्रता आणि ब्रह्मचर्य वाढवल्याचं बक्षीस, तर जुन्या दैवतांच्या भक्ताला अभिमान आणि कामासक्ती वाढवल्याचं.

आणि व्हिन्सेंट बेकरचा 'डॉग्ज इन द विनयार्ड' (2004). कधीच नसलेला एक पश्चिमेकडचा मुलूख, एकोणिसाव्या शतकातल्या युटासारखा. तुम्ही विशी-बाविशीतली, धर्मसंस्थेने पाठवलेली पोरं. अंगात गावच्यांनी शिवलेला लांब कोट, कमरेला पिस्तूल. गावोगाव टपाल पोचवायचं, लग्नं लावायची, बाळांना आशीर्वाद द्यायचा, आणि गावात पाप शिरलं असेल तर निवाडा करायचा. गाव कसं बिघडतं हे डीएमने आधी रचायचं: सुरुवात कुणाच्या तरी गर्वापासून, त्यातून अन्याय, मग पाप, आणि असं खुनापर्यंत. पण निवाडा काय असावा हे त्याने ठरवायचंच नाही, अशी पुस्तकाची ताकीद आहे. तुम्ही बरोबर केलंत की चूक, हे कुणीच सांगत नाही. वाद बोलण्यातून सुरू होतो. हरायला लागलात तर माघार घ्या किंवा हात उगारा. तरी जमेना तर पिस्तूल काढा. दर पायरीला नवे फासे हाती येतात, आणि सोसण्याचे फासेही मोठे होत जातात: बोलण्याला चार बाजूंचे, गोळीला दहा. कुणाची तरी आजी तुम्हाला शब्दांत हरवत असते, हाताशी पिस्तूल असतं आणि थोपवायला कुणी नसतं. पॅलाडिनच्या प्रश्नाचं इतकं उघडं रूप मी दुसऱ्या खेळात पाहिलेलं नाही.

त्या शनिवारी आमचा खेळ पाचव्या आवृत्तीचा होता आणि माझी शपथ निष्ठेची. म्हणजे शब्द मी दिला होता, मोडणार होती चोर, आणि मी अंगणात असणार होतो. नियमाच्या कुठल्याच कलमात बसणार नाही असं मला वाटलं. घोड्याचं मात्र मी विसरलो होतो. हा तबेल्यातला घोडा नसतो. मंत्राने बोलावलेला दिव्य आत्मा घोड्याचं रूप घेऊन येतो, आणि त्याचं नि पॅलाडिनचं मन एक मैलापर्यंत जोडलेलं असतं.

"किती वेळ पाजणार?" डीएमने पुन्हा विचारलं.

"त्याची तहान भागेपर्यंत," मी म्हणालो.

चोराने फासा उचलला. डीएमने हात आडवा करून तिला थांबवलं आणि माझ्याकडे वळून म्हणाला, "घोडा पाणी पीत नाहीये."