भाड्याच्या खोल्या : कर दोघांचा, हप्ता बारा महिन्यांचा

मोपाचा विमानतळ झाल्यापासून केरीत कर्ज काढून दोन खोल्या बांधू, भाड्याने देऊ, असं बरेच सभासद विचारतात. चांगलंच आहे. पण आधी हिशेब बघूया.

गोव्यात लग्नानंतर मालमत्ता सहसा नवरा-बायको दोघांची. म्हणून 1961 च्या आयकर कायद्यात खास आपल्यासाठी कलम 5अ आलं. घरभाडं, जमीन विकून झालेला नफा, होडीच्या धंद्याचं उत्पन्न, सगळं अर्धं-अर्धं दोघांच्या नावावर. पगार तेवढा ज्याचा त्याचा. सगळं भाडं एकट्या घोवाच्या रिटर्नमध्ये दाखवलं तर कर उगाच जास्त बसू शकतो.

समजा वर्षाला भाडं 2,40,000 आलं आणि पंचायतीची घरपट्टी 4,000 भरली. उरले 2,36,000. त्यातून दुरुस्तीबिरुस्तीसाठी सरसकट 30 टक्के वजा, पावती लागत नाही. राहिले 1,65,200. कर्जाचं व्याज 90,000 गेलं की 75,200, म्हणजे प्रत्येकी 37,600. हप्त्यातली मुद्दल मात्र भाड्यातून वजा होत नाही, इथेच बरेच जण फसतात. नाश्ता-जेवणासकट होमस्टे चालवला तर तो धंदा धरला जाऊ शकतो, मग हा 30 टक्क्यांचा हिशेब लागू नाही.

घर गहाण ठेवायचं तर दोघांच्याही सह्या लागतात.

आता खरी अडचण. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक होड्या बंद, आणि पावसात पर्यटकही नाही. दोन्ही कमाया एकदम थांबतात, बँकेचा हप्ता थांबत नाही. म्हणून कर्ज घेताना वर्षाची कमाई आठच महिन्यांची धरा, आणि पावसाळ्याचे चार हप्ते मे संपायच्या आत खात्यात बाजूला ठेवा.