मांजरांतील ल्युकेमिया : तपासणी, लस आणि संसर्ग

अनसिंगसारख्या गावी, जेथे सोयाबीन-तुरीची पोती उंदरांपासून राखण्यासाठी एकाच घरी अनेक मांजरे नांदू शकतात, तेथे मांजरांतील ल्युकेमियाची माहिती असणे अगत्याचे आहे. स्कॉटलंडमध्ये विल्यम जॅरेट यांनी १९६४ साली शोधलेला या रोगाचा विषाणू मुख्यत्वे लाळेतून, म्हणजे परस्परांना चाटणे, एकाच थाळीत खाणे व चावे यांतून, तसेच मातेकडून पिलांकडे जातो. त्यायोगे रक्तक्षय, प्रतिकारशक्तीचा ऱ्हास व अर्बुदे उद्भवतात, मात्र मनुष्यास त्याची बाधा झाल्याचे आढळलेले नाही. बाधित मांजर वरकरणी धडधाकट दिसू शकते. म्हणून नवे मांजर इतरांत मिसळण्यापूर्वी त्याच्या रक्ताची एलायझा तपासणी करावी, आणि ताजा संसर्ग पहिल्या खेपेस निसटू शकत असल्याने, सुमारे ३० दिवसांनी ती पुन्हा करून तोवर त्यास अलग ठेवावे. लस साधारणतः आठ आठवड्यांच्या वयापासून, तीन-चार आठवड्यांच्या अंतराने दोनदा टोचतात. ती पूर्ण हमी देत नाही व बाधितास तिचा उपयोग नाही, सबब आधी तपासणी व मग लस हाच क्रम योग्य. बाधित मांजरास हाकलून गावभर रोग पसरविण्यापेक्षा, वेगळी थाळी देऊन त्यास घरातच स्वतंत्र सांभाळणे हे मालकाचे कर्तव्य होय.