चित्रातला टाका

विद्यार्थ्यांनो, उर्दूत तुम्ही भरतकामाला 'कशीदाकारी' म्हणता. मराठीतही 'कशिदा' हा शब्द आहे. (स्तुतीची कविता म्हणजे कसीदा, तो शब्द निराळा!) या पाठात एका जुन्या कशिद्याचा शोध घेऊ.

सोळाव्या शतकात इंग्लंडमधील श्रीमंतांच्या पांढऱ्या कपड्यांवर, गळ्याशी आणि मनगटाशी, काळ्या रेशमाने नक्षी भरत. ते कपडे आता फार थोडे उरले आहेत. रेशीम काळे करण्यासाठी लोहाचे क्षार वापरत. त्यांमुळे धागा कुजला. काही कापडांवर तर केवळ सुईची भोके राहिली. मग ती नक्षी पाहायची कोठे? चित्रांत!

हान्स होल्बाइन या जर्मन चित्रकाराने १५३६-३७ च्या सुमारास राणी जेन सीमोर हिचे चित्र रंगवले. तिच्या मनगटावरील झालर दुमडलेली आहे. त्यामुळे कापडाच्या दोन्ही बाजू दिसतात आणि दोन्हींवर नक्षी सारखीच आहे. यावरून टाका ओळखता येतो. तो दुहेरी धावदोरा होय. जाताना एक घर भरायचे, एक सोडायचे. परतताना सुटलेली घरे भरायची. होल्बाइन सुई धरणारा नव्हता, तरी या टाक्याला आज त्याचेच नाव आहे.

चित्रावरून नक्षी उतरवणे मात्र सोपे नाही. कापडाच्या घड्यांत काही भाग लपतो. पण नक्षी पुन्हा पुन्हा येते. एका ठिकाणी लपलेले पान दुसऱ्या ठिकाणी दिसते. असे तुकडे जुळवून चौकटीच्या कागदावर आकृती काढतात. सुई कोणत्या वाटेने गेली, हे चित्र सांगत नाही. ते हातानेच शोधावे लागते.

हा टाका पाहायला इंग्लंडला जायला नको. बेळगाव, धारवाडकडील कसुतीत तो आहे. तेथे त्याला 'गवंती' म्हणतात. त्या भागातील स्त्रिया कापडावर आकृती न काढता, धागे मोजून गोपूर, रथ, हत्ती, तुळशीवृंदावन भरतात. दोऱ्याला गाठही मारत नाहीत. इंग्लंडात पांढऱ्यावर काळे, तर इकडे काळ्या चंद्रकळेवर रंगीत दोरे! मला तर कसुतीच अधिक खुलून दिसते.

शीवच्या बाजारातून थोडे मॅटीचे कापड आणा आणि चौकटीच्या कागदावरची एक साधी वेल भरून पाहा. मग कापड उलटा. मागे एखादे घर रिकामे दिसले, तर परतीची वाट चुकली आहे. तेथपर्यंत दोरा उसवून पुन्हा भरा.