टेस्टिंगचं पाणी कुठून आणलं?

सभासद मंडळींनो, १ जून ते ३१ जुलै ही ६१ दिवसांची बंदी म्हणजे बोटींच्या दुरुस्तीचा हंगाम. मालिम घ्या, कुटबण घ्या, नाहीतर वास्कोचा खारवीवाडा. कुठे इंजिन उघडलेलं, कुठे जाळी दुरुस्त करणं चालू, आणि कुठेतरी फिटर नवे पाइप जोडत बसलेला. पाइप जोडले की प्रेशर टेस्ट होते. गेज किती दाखवतो, जोड गळतो का, हे आपण सगळेच बघतो. पण पाइपात भरलेलं पाणी कुठून आणलं, हे क्वचितच कोणी विचारतं. खर्चाचा घोळ बऱ्याचदा तिथेच सुरू होतो.

टेस्ट पाण्यानेच का? पाणी जवळजवळ दाबलं जात नाही, त्यामुळे एखादा जोड सुटला तर दाब लगेच उतरतो. दाबलेली हवा स्प्रिंगसारखी असते, जोड सुटला तर तुकडे उडतात. म्हणून पाणी खालून भरायचं, वरच्या टोकाने हवा पूर्ण काढायची आणि हातपंपाने कामाच्या दाबाच्या दीडपट न्यायचं. लाइन ४ किलोवर चालत असेल तर टेस्ट ६ किलोवर. दाब किमान १० मिनिटं धरायचा आणि तेवढ्या वेळात प्रत्येक वेल्ड डोळ्यांनी बघायचा.

आता पाण्याकडे येऊ. जेटीवर सगळ्यात सोपं पाणी म्हणजे खालचं. मोटर लावली, होज सोडला, पाइप भरला. पावसात मांडवी वरून लाल आणि गोडी वाटते, म्हणून फिटरही म्हणतो, "चालतंय हो!" पण भरती आली की खार आत येतोच. समुद्राच्या एका लिटर पाण्यात क्लोराइड असतं साधारण १९,००० मिलिग्रॅम. स्टेनलेसच्या टेस्टसाठी साधारण ५० ची मर्यादा पाळली जाते. दोन इंची पाइपात मीटरला सुमारे दोन लिटर पाणी मावतं, म्हणजे २० मीटर लाइनला ४० लिटर. त्या ४० लिटर गोड्या पाण्यात समुद्राचं फक्त १०० मिलिलिटर पाणी मिसळलं तरी ४७ ची भर पडते. डेक धुण्याच्या होजमध्ये एवढं पाणी उरलेलंच असतं!

पिण्याचं पाणी चालेल का? बघून घ्यावं लागेल. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात क्लोराइड २५० पर्यंत स्वीकारार्ह आहे. म्हणजे माणसाला चालणारं पाणी स्टेनलेसला चालेलच असं नाही. किनाऱ्यालगतच्या विहिरी तर मे महिन्यात मचूळ होतात. पाणी प्रयोगशाळेत तपासून घेतलेलं उत्तम. हाताशी टीडीएस मीटर असेल आणि तो ५० च्या खाली दाखवत असेल, तर क्लोराइडही त्याखालीच असणार. आकडा जास्त आला तर त्यात मीठ किती हे मीटर सांगत नाही, मग तपासणी हवीच.

१९७६ साली छापून आलेली एका कारखान्याची हकिगत या विषयात नेहमी सांगितली जाते. ३०४एल आणि ३१६एल स्टेनलेसची नवी कोरी लाइन, टेस्टला विहिरीचं पाणी, क्लोराइड सुमारे २००. टेस्ट पास झाली, पण पाणी काढलंच नाही. एक ते चार महिन्यांत वेल्डजवळून थेंब गळू लागले. साचलेल्या पाण्यात जीवाणूंनी वेल्डवर गाठी धरल्या होत्या आणि गाठींखाली स्टेनलेसला आरपार भोकं पडली होती. लाइन वापरायच्या आधीच गेली.

आपले काही सभासद म्हणतील, बोटीच्या पाइपातून समुद्रच वाहतो, मग एवढं कौतुक कशाला? बरोबर आहे, पण वाहतं पाणी वेगळं आणि साचलेलं वेगळं. इंजिन थंड करणाऱ्या जीआय लाइनला खाऱ्या पाण्याची टेस्ट चालते, फक्त बोट वर राहणार असेल तर नंतर गोड्या पाण्याने धुवून टाकावी. काळजी घ्यायची ती डिझेलच्या, पिण्याच्या पाण्याच्या आणि मासळी धुण्याच्या स्टेनलेस लाइनची. डिझेल लाइनमध्ये उरलेलं पाणी फिल्टरमध्ये आणि मग इंजेक्टरमध्ये जातं, शिवाय पाणी आणि डिझेलच्या मधल्या थरात बुरशी-जीवाणू वाढतात. विंचच्या हायड्रॉलिक लाइनमध्ये तर पाणी घालूच नये, ती त्याच तेलावर टेस्ट करून घ्या.

जंतू मरावेत म्हणून पाण्यात ब्लीचिंग पावडर टाकणारेही भेटतात. स्टेनलेससाठी ते रोगापेक्षा औषध जड. साचवायचंच नसेल तर औषध लागत नाही.

टेस्ट झाली की त्याच दिवशी सगळ्यात खालचा प्लग उघडायचा, बेंड आणि खोलगट जागा रिकाम्या करायच्या, आणि तेल नसलेली कोरडी हवा आतून मारायची. नुसतं "निथळून जाईल" यावर सोडू नका. तळाशी राहिलेलं ५० क्लोराइडचं पाणी आटून दहावा हिस्सा उरलं की ते ५०० झालेलं असतं. साध्या लोखंडी पाइपालाही ओल राहिली तर गंज लगेच धरतो. सुकल्यावर दोन्ही टोकं बंद करा, नाहीतर पावसाळी हवा पुन्हा आत ओल करते.

फिटरशी मजुरी ठरवतानाच गोडं पाणी आणि सुकवणं त्यात धरून घ्या. पाण्यात गंजरोधक रसायन घातलं असेल तर ते पिंपात काढायला सांगा, जेटीखाली सोडू देऊ नका. तिथेच आपल्या बायका तिसऱ्या काढतात.