कोरचीपलीकडची प्रार्थना

नोव्हेंबरच्या सुरुवातीच्या एखाद्या रविवारी जगभरातल्या अनेक मंडळ्या छळ सोसणाऱ्या ख्रिस्ती लोकांसाठी प्रार्थना करतात. 1996 पासूनचा हा प्रघात. उत्तर कोरियाचे नाव त्यात हमखास निघते, मग इराण, इरिट्रिया, चीन. गडचिरोलीच्या कुरखेड्यातल्या माणसाला मात्र एवढ्या लांब जायची गरज नाही. कोरचीच्या पुढे छत्तीसगडची हद्द लागते. दोन्ही अंगांना गोंड, हलबा, कंवर राहतात आणि सोयरिकी हद्द विचारून होत नाहीत.

त्याच छत्तीसगडात, गडचिरोलीला लागून असलेल्या नारायणपूर जिल्ह्यात आणि शेजारच्या कोंडागावात, डिसेंबर 2022 मध्ये शेकडो ख्रिस्ती आदिवासींना गावाबाहेर काढले गेले. ऐन थंडीत त्यांचा मुक्काम नारायणपूरच्या इनडोअर स्टेडियममध्ये पडला. 2 जानेवारी 2023 रोजी तिथल्या कॅथलिक शाळेच्या आवारातले चर्च फोडले गेले. जमावाला आवरायला गेलेल्या पोलीस अधीक्षकांचेच डोके फुटले.

पण खरे भांडण मातीचे आहे. 7 जानेवारी 2025 रोजी बस्तर जिल्ह्यातल्या छिंदवाडा गावात एक वृद्ध पाळक वारले. गावात पुरू देणार नाही, अगदी स्वतःच्या शेतातही नाही, असे गावकऱ्यांनी सांगितले. मुलगा उच्च न्यायालयात हरला, सर्वोच्च न्यायालयात गेला. तोवर बाप जगदलपूरच्या शवागारात. 27 जानेवारीला निकाल आला, तोही दुभंगलेला. न्या. बी. व्ही. नागरत्ना म्हणाल्या, स्वतःच्या शेतात पुरू द्या; न्या. सतीशचंद्र शर्मा म्हणाले, ख्रिस्ती दफनभूमीतच न्या. प्रेत आणखी ताटकळू नये म्हणून मोठ्या पीठाकडे न जाता अखेर वीसेक किलोमीटरवरच्या करकापालला दफन करण्याचा आदेश निघाला. डिसेंबर 2025 मध्ये कांकेर जिल्ह्यातल्या बडेतेवड्यात तर खुद्द सरपंचाच्या वडिलांच्या दफनावरून दंगल झाली. प्रशासनाने प्रेत उकरून बाहेर नेले, प्रार्थनाघरे जळाली.

छळ म्हटला की जुलमी सरकार डोळ्यांपुढे येते; इथे ते नेमके कोणते? प्रश्न दिसतो तितका सोपा नाही. फर्मान काढणारा कोणी हुकूमशहा इथे नाही. विरोध करतो तो शेजारी, कधी सख्खा भाऊ. सरकारचा वाटा असतो तो उशिरा पोचण्याचा, आणि पोचल्यावर ‘समजुतीने घ्या’ असे मार खाल्लेल्यालाच सांगण्याचा.

गावाचे म्हणणेही ऐकले पाहिजे. आदिवासी गावात पेरणी, नवे धान खाणे, मोहफूल वेचणे हे सगळे गावदेवाला विचारून होते. भूमिया, गायता या गावपुजाऱ्यांशिवाय गावाचा हंगाम सुरू होत नाही. एखादे घर पूजेची वर्गणी देईनासे झाले की देव कोपेल ही भीती सगळ्या गावाला वाटते, आणि ती खोटी नसते. पिढ्यान्‌पिढ्या बाहेरच्यांनी लुटलेल्या माणसाला पाळकही बाहेरचाच वाटावा, यात नवल नाही. त्या भीतीवर राजकारण पोळी भाजते, हा पुढचा भाग.

गडचिरोलीकराला बोचावे असे काही यात असेल तर ते म्हणजे ग्रामसभेचा वापर. कांकेरच्या काही गावांच्या वेशीवर ग्रामसभेच्या नावाने ‘पास्टरांना प्रवेशबंदी’चे फलक लागले. आधार सांगितला गेला तो पेसा कायद्याचा, म्हणजे आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणाऱ्या कायद्याचा. ऑक्टोबर 2025 मध्ये उच्च न्यायालयाने हे फलक घटनाबाह्य ठरवले नाहीत. ज्या कायद्यांच्या बळावर मेंढा-लेखा गावाने बांबूवरचा हक्क मिळवला, आपल्याकडच्या ग्रामसभा तेंदूचे लिलाव स्वतः करू लागल्या, त्यांतलाच पेसा हा एक. पेसात ग्रामसभा म्हणजे मतदारयादीतली सगळी माणसे. ज्याला वेशीबाहेर काढले, तोही तिचा सदस्य असतो. ख्रिस्ती झाल्याने अनुसूचित जमातीचा दर्जाही जात नाही.

महाराष्ट्राने निवांत राहू नये. झारखंडात विनाखटला तुरुंगात खितपत पडलेल्या आदिवासी पोरांसाठी लढणारे जेसुइट फादर स्टॅन स्वामी आपल्याच तळोजा तुरुंगात होते. कंपवाताने हात थरथरत, म्हणून पाणी प्यायला स्ट्रॉ आणि सिपर हवा, यासाठी त्यांना कोर्टात अर्ज करावा लागला. 5 जुलै 2021 रोजी, जामिनाचा निकाल लागण्याआधीच, 84 व्या वर्षी ते मुंबईत वारले. ते ख्रिस्ती म्हणून आत नव्हते, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. तरी बंदिवानांसाठी होणाऱ्या प्रार्थनेत त्यांचे नाव येत राहिले.

इतरांसाठी करायच्या मध्यस्थीच्या प्रार्थनेची एक व्यावहारिक अडचण असते. नेमके मागायचे तर माणसाचे, गावाचे नाव घ्यावे लागते. पण ते फोनवर फिरले की त्याच घरावर दगड येऊ शकतात. म्हणून नाव गाळून ‘हद्दीपलीकडचे एक कुटुंब’ एवढेच म्हणावे. मागणे मात्र मोघम नको. त्या घराला हातपंपावर पाणी भरू द्यावे, रेशन मिळावे, म्हाताऱ्याला गावातच माती मिळावी. आणि ज्यांची नावे उघड घ्यायला काहीच हरकत नाही, ते तिथले ठाणेदार, तहसीलदार, पंचायतीचे सचिव. दफनाच्या जागेची नोंद त्यांच्याच दप्तरात व्हायची असते.