वायवा झाला, आता ॲपचं काय?

लास्ट इयरचं प्रोजेक्ट सबमिट झालं की बहुतेक वेळा पेन ड्राइव्हमध्येच त्याची समाधी बांधली जाते. पण त्याच प्रोजेक्टवर दोन गावांतल्या पोरांचं वाचन अवलंबून असेल तर?

पेण म्हटलं की काय आठवतं? गणपती आणि पोह्याचे पापड! आणि रोहा? दिवा-रोहा गाडीचं शेवटचं स्टेशन, कुंडलिका नदी आणि वीकेंडला कोलाडचं राफ्टिंग. पण बॉस, या दोन गावांची एक वेगळी ओळखही आहे. विनोबा भावे १८९५ मध्ये जन्मले ते पेण तालुक्यातल्या गागोद्यात. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख यांचं रोह्याशी घट्ट नातं. अशा गावांत सार्वजनिक वाचनालय असणारच, आणि आहेच. प्रश्न एवढाच, की तिथल्या बालविभागाच्या कपाटाचं कुलूप दिवसातून किती वेळा उघडतं?

मी मूळचा पेणचा, नोकरी ऐरोलीत, अर्थातच आयटीत. गेल्या पावसाळ्यापासून दर शनिवारी मी आणि इंजिनीअरिंगची चार पोरंपोरी मिळून एक ॲप बनवतोय. पेण आणि रोह्यातल्या वाचनालयांत येणाऱ्या (आणि न येणाऱ्या!) मुलांसाठी वाचनाचं ॲप. आयडिया एकदम कूल वाटते ना? आम्हालाही वाटली होती. मग ग्रंथपाल काका भेटले.

पुस्तकं आहेत की, ॲप कशाला?

‘अरे, पोरं आधीच मोबाइलला चिकटलेली. त्यात तू आणखी एक खेळणं देणार का?’ काकांचा पहिलाच बॉल यॉर्कर.

प्रश्न रास्त होता. उत्तरासाठी ‘असर’ अहवालाकडे बघावं लागलं. २०२४ च्या पाहणीत ग्रामीण भारतातल्या तिसरीच्या फक्त २७.१ टक्के मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता आला. म्हणजे चार मुलांपैकी जेमतेम एकाला. उरलेल्या तिघांच्या हातात शंभर पानांचं पुस्तक दिलं, तर ते चित्रं बघून परत ठेवणार. त्यांना हवी असते एका पानावर एक ओळ असलेली गोष्ट, मग दोन ओळींची, मग परिच्छेदाची. अशी पायरीपायरीची पुस्तकं भरपूर लागतात आणि ती भराभर संपतात.

इकडे वाचनालयाचं बजेट बघा. १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये कायद्याखाली वाचनालयांना अ, ब, क, ड असे वर्ग मिळतात आणि वर्गानुसार अनुदान. त्यातच पगार, वीजबिल, पेपर आणि पुस्तकं. बालविभागाचा नंबर शेवटी लागतो, हे सांगायला नकोच.

त्यामुळे आम्ही ॲपचं काम ठरवून टाकलं. ॲपने मुलाला पहिल्या काही पायऱ्या चढवायच्या आणि मग कपाटापाशी आणून सोडायचं. गोष्ट संपली की स्क्रीनवर येतं, ‘आवडली? अशीच एक कपाट नंबर ३ मध्ये आहे.’ पुढे जायचं तर पुस्तक हातात घ्यावंच लागतं. हे ऐकून काका पहिल्यांदा हसले.

गोष्टी आणायच्या कुठून?

इथे इंजिनीअर मंडळींचा फंडा सोपा असतो. नेटवर आहे ना, टाका! नाही हो, असं नसतं. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं कॉपीराइट राहतो. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, म्हणून त्यांचं लेखन २०११ पासून सर्वांसाठी खुलं झालं. पण फास्टर फेणेचे लेखक भा. रा. भागवत गेले २००१ मध्ये. म्हणजे बन्याला परवानगीशिवाय ॲपमध्ये आणायला २०६२ उजाडेल! बालभारतीच्या ‘किशोर’चे जुने अंक नेटवर फुकट वाचता येतात, पण फुकट वाचणं वेगळं आणि उचलून स्वतःच्या ॲपमध्ये लावणं वेगळं.

आमचा मोठा आधार ठरला तो प्रथम बुक्सचा ‘स्टोरीवीव्हर’. २०१५ मध्ये सुरू झालेला हा खजिना. चित्रांसकट गोष्टी, त्याही वाचनाच्या पातळ्या लावून, मराठीसह कितीतरी भाषांत. लेखक, चित्रकार आणि अनुवादकाचं नाव नीट दिलंत की त्या वापरायला, बदलायला, छापायलाही मोकळीक. गुगलचं ‘बोलो’ हे वाचनाचं ॲप २०१९ मध्ये आलं, तेव्हा त्यातही याच खजिन्यातल्या गोष्टी होत्या.

पाकळीवाला ‘ल’ आणि आगरी आजी

तुम्ही-आम्ही फॉन्टकडे बघतही नाही. पण नुकतीच अक्षरं शिकलेलं पोर बघतं! पुस्तकातला पाकळीवाला ‘ल’ आणि देठवाला ‘श’ ओळखीचा, आणि फोनवर दिसतो हिंदी वळणाचा. गंमत म्हणजे कॉम्प्युटरच्या लेखी दोन्ही एकच. फरक पडतो तो फॉन्टमुळे आणि मजकुराची भाषा मराठी आहे हे सांगणाऱ्या एका छोट्याशा सेटिंगमुळे. टीममधल्या एका मुलीने एक अख्खा शनिवार यावर घालवला. माझ्या मते ॲपमधलं सगळ्यात भारी काम तेच.

दुसरा मुद्दा आवाजाचा. मशीनच्या आवाजात गोष्ट ऐकली की वाटतं, रेल्वेची अनाउन्समेंट चालू आहे. म्हणून आम्ही गावातल्याच माणसांचे आवाज रेकॉर्ड करतोय. पेणच्या आजूबाजूला घराघरांत आगरी बोलतात, वाड्यांवर कातकरी आणि ठाकर मुलं आहेत. त्यांच्यासाठी पुस्तकी मराठी ही जवळजवळ दुसरी भाषा. एका आजींनी आगरीत सांगितलेली गोष्ट लावली, तेव्हा मागे गप्प बसलेली दोन पोरं सरकत सरकत पुढे आली. मग तीच गोष्ट त्यांनी स्क्रीनवर वाचून बघितली, अडखळत का होईना, पण शेवटपर्यंत.

लॉगिन? नको रे बाबा!

फोन नंबर, ओटीपी, प्रोफाइल फोटो ही आपली सवय. पण २०२३ च्या डिजिटल पर्सनल डेटा प्रोटेक्शन कायद्यात अठरा वर्षांखालचा प्रत्येक जण ‘मूल’ आहे. मुलांचा डेटा घ्यायचा तर पालकांची पडताळता येईल अशी संमती हवी. त्यांच्यावर पाळत ठेवायला आणि त्यांना हेरून जाहिराती दाखवायला मनाई. कायद्यात काही अपवाद आहेत, पण आमचा उपाय सोपा, डेटा घ्यायचाच नाही. मूल एक प्राणी निवडतं आणि वाचायला लागतं. गोष्टी वाचनालयातच डाउनलोड होतात, घरी नेट लागत नाही. आई-बाबांचा फोन संध्याकाळीच हाती येणाऱ्या पोरांसाठी हे फार मोलाचं.

जूनमध्ये फोन कुणाला लावू?

काकांचा दुसरा यॉर्कर. टीममधल्या दोघांना पुण्यात जॉब लागलाय. अभिनंदन वगैरे ठीक, पण मे महिन्यात वायवा आणि जूनमध्ये शाळा सुरू! पोरांना सवय लावायची आणि ॲप बंद पाडायचं, यापेक्षा न बनवलेलं बरं. बंद कपाटाची सवय असलेल्या मुलाला आपण आणखी एक बंद दार दाखवणार.

इथे एक जुनी गोष्ट कामाला आली. वाय-टू-के आठवतंय? १९९९ मध्ये न्यूझीलंडमधल्या होरोफेनुआ या छोट्या भागातल्या वाचनालयाची कॉम्प्युटर सिस्टिम २००० साल झेपणारी नव्हती. त्यांनी एका लहान कंपनीकडून नवी बनवून घेतली आणि कोड जगाला फुकट देऊन टाकला. नाव ठेवलं ‘कोहा’, माओरी भाषेत म्हणजे भेट. आज जगभरातली वाचनालयं ती वापरतात. बनवणारे बदलले, तरी सॉफ्टवेअर टिकलं, कारण ते एकाच्या मालकीचं नव्हतं.

आम्हीही तेच करतोय. कोड खुला. नवी गोष्ट काका स्वतः टाकू शकतात, प्रोग्रॅमरची गरज नाही. आणि पुढच्या बॅचसाठी दार उघडं. लोणेऱ्याचं डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ १९८९ पासून आपल्याच जिल्ह्यात आहे, कोडिंग येणारी पोरं शोधायला मुंबई गाठायची गरज काय? काका अजून शंभर टक्के कन्व्हिन्स झालेले नाहीत. पण मागच्या शनिवारी त्यांनी स्वतः एक गोष्ट टाकली, चष्मा सावरत, पंचवीस मिनिटांत.

तुमच्या गावासाठी करायचंय? मग हे लक्षात ठेवा

* आधी दोन शनिवार वाचनालयात नुसते बसा. लॅपटॉप घरी.
* साध्यात साध्या फोनवर टेस्ट करा. तुमच्या हातातल्या लेटेस्ट फोनवर नाही!
* प्रत्येक गोष्टीचा लायसन्स तपासा, लेखक-चित्रकाराचं नाव द्या.
* एका पानाचं मराठी माहितीपत्रक लिहा. ग्रंथपालांना ते कळलं नाही, तर चूक त्यांची नाही.
* वायवानंतरचे सहा महिने कोण बघणार, हे पहिल्याच दिवशी लिहून ठेवा. नाव नसेल, तर ॲप सुरू करू नका.