कारगिलची सराई

‘कारगिल’ हा शब्द उच्चारला की महाराष्ट्रातील माणसाला 1999 चे युद्ध आठवते, आणि ते स्वाभाविकही आहे. श्रीनगरहून लेहला जाणारा आपला प्रवासी द्रासच्या युद्धस्मारकापाशी मस्तक नमवितो, कारगिलला रात्रीचा मुक्काम करतो आणि सकाळी पुढच्या वाटेला लागतो. आम्हांला सुचवावयाचे आहे ते एवढेच की, त्याने तेथे आणखी अर्धा दिवस थांबावे आणि मुन्शी अझीज भट यांच्या नावाचे वस्तुसंग्रहालय पाहावे. सीमा कशी राखली गेली, हे स्मारक सांगते. सीमा नव्हती तेव्हा तेथे काय होते, हे संग्रहालय सांगते.

हे गाव सुरू नदीच्या काठी, सुमारे 2,700 मीटर उंचीवर वसले आहे. पश्चिमेस श्रीनगर आणि पूर्वेस लेह, ही दोन्ही शहरे येथून सुमारे 200 किलोमीटरांवर आहेत. दक्षिणेची वाट झंस्कारात उतरते आणि उत्तरेची स्कर्दूकडे जात असे. आज नकाशात टोकाशी दिसणारे हे गाव पूर्वी चव्हाट्यावर होते. काश्मीरहून निघालेला काफिला जोजी ला ओलांडून येथे येई, येथून लेहला जाई, आणि तेथून काराकोरमची 5,500 मीटरांहून उंच खिंड चढून यारकंद व काशगर गाठी. चांगथांगच्या पठारावरची पश्म काश्मीरच्या शालविणकरांकडे येत होती. यारकंदचे गालिचे, नमदे आणि रेशीम इकडे येई, तर कापड, रंग आणि मसाले तिकडे जात.

अशा वाटेवर माणसांना आणि जनावरांना निवारा हवा. खाली घोडी बांधावयाची, वरच्या मजल्यांवर माल ठेवावयाचा आणि माणसांनी पथारी पसरावयाची, अशी या सरायांची सर्वसाधारण रीत. मुन्शी अझीज भट हे संस्थानी अमलात लोकांचे अर्ज लिहून देण्याचे काम करीत. ‘मुन्शी’ हे उपपद त्यावरूनच आले. पुढे ते व्यापारात शिरले आणि 1920 मध्ये त्यांनी कारगिलला स्वतःची सराई बांधली.

या सराईला पुरती तीस वर्षेही लाभली नाहीत. 1947 मध्ये फाळणी झाली. मे 1948 मध्ये कारगिल हल्लेखोरांच्या हाती पडले. नोव्हेंबरात भारतीय सैन्याने जोजी ला जिंकून ते परत मिळविले. परंतु स्कर्दू पलीकडे राहिले, आणि 1949 मध्ये चीनमध्ये सत्तांतर होऊन यारकंदची वाटही मिटली. अझीज भट 1948 मध्येच निवर्तले. गिऱ्हाईक येईना, म्हणून माल जागच्या जागी पडून राहिला. या शतकाच्या आरंभी जुनी वास्तू पाडावयाची वेळ आली, तेव्हा त्यांच्या नातवंडांना आतल्या वस्तूंचे मोल उमगले आणि 2004 मध्ये कुटुंबानेच हे संग्रहालय उभे केले.

येथे राजमुकुट नाहीत, रत्नजडित तलवारी नाहीत. घोड्यांची खोगिरे, यारकंदी गालिचे, पिरोजा, तांब्यापितळेची भांडी, जुनी कागदपत्रे, आणि त्यांच्या शेजारी युरोपातून आलेली बटणे व साबण! मुंबईच्या संग्रहालयात आपण मूर्तीचे सौंदर्य पाहतो. येथे मात्र प्रत्येक वस्तूला तीन प्रश्न विचारावे लागतात: ही कोठून निघाली, कोणासाठी निघाली, आणि येथेच का थांबली? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे वस्तूगणिक निराळी येतात. तिसऱ्याचे उत्तर पुष्कळदा एकच असते: रस्ता बंद झाला.

रस्ता बंद होणे ही गोष्ट मालापुरती नसते. कारगिलजवळच हुंदरमान नावाचे खेडे आहे. 1971 च्या युद्धात ते पाकिस्तानच्या ताब्यातून भारताकडे आले. त्या वेळी जे घरी होते ते भारतात राहिले, कामानिमित्त पलीकडे गेलेले पलीकडेच अडकले. तेथील जुन्या, ओस पडलेल्या घरांतही एक लहानसे संग्रहालय मांडले आहे. त्यात सरहद्दीपलीकडील आप्तांची पत्रे आहेत. सराईत व्यापार थांबलेला दिसतो, हुंदरमानला नाती तुटलेली दिसतात. दोन्ही पाहिल्यावाचून सीमा म्हणजे काय, याचे ज्ञान अपुरे राहते. सैनिकाच्या त्यागाचे मोल यामुळे उणे होत नाही. ज्या भूमीसाठी तो लढला, तेथील माणसांची ओळख मात्र होते.

महाराष्ट्राला ही दृष्टी परकी नाही. इतिहासाचार्य राजवाडे वाड्यावाड्यांतून जुने कागद मिळवीत हिंडले, आणि 1910 मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले, ते याच जाणिवेतून. वाणसवद्याची यादी, खोगिराची पावती, भावाचे पत्र यांतही इतिहास असतो. कारगिलच्या त्या कुटुंबाने सराई पाडताना आतले सामान रद्दीत घातले असते, तर एका गावाला स्वतःची ओळख फक्त लढायांच्या तारखांवरून सांगावी लागली असती. आपल्याही गावांत वाडे पडत आहेत. माळ्यावरच्या पेट्या उघडून न पाहताच त्यांचा लिलाव होऊ नये.